घासलेट, खडू आणि पाळण्याची कडी

आमच्या मामंजींनी उभ्या जन्मात कुठल्याही धातूवर विश्वास टाकला नाही. माणसांवर मात्र ते डोळे मिटून टाकत. श्रीवर्धनच्या बाजारात त्यांच्या पिशवीत कोणीही नासका नारळ घालावा. पण विळी, कढई, दाराची कडी, यातलं काही त्यांच्या तपासणीतून सुटलं नाही. मुंबईत विमानांचे सुटे भाग घडवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी मुदतीआधीच नोकरी सोडून ते सुपारीच्या वाडीत राहायला आले. येताना आणली एक ट्रंक आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला धातूचा एक तुकडा. त्या फडक्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

त्यांची तपासणीची रीत ठरलेली. वस्तू घासलेटात भिजवायची, कोरडी पुसायची आणि वर खडूची पूड चोळायची. कुठे भेग असली तर तिच्यात शिरलेलं घासलेट हळूहळू पाझरतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. शाळेचे हेडमास्तर त्यांच्यासाठी खडूचे तुकडे राखून ठेवत. आमच्या घरी भाजीलाही घासलेटाचा वास यायचा. सासूबाई म्हणायच्या, "अहो, कढई काय आकाशात उडणार आहे?" "उडत नाही," मामंजी सांगत, "पण उकळतं तेल पायावर यायला एक कान तुटला तरी पुरे." एकदा त्यांनी रहाटाचा लोखंडी आसच भिजवून काढला. वाडीतला पांडू काकुळतीला आला. "आवो दादा, पान्याला वास मारतोय. आमी प्यायाचं काय? आन् झाडांनी तरी काय पाप केलंय?"

एका मॅग्नेशियमबद्दल मात्र ते हळव्या आवाजात बोलत. इतका हलका धातू, की हातात घेतला तर पोकळ वाटावा. "तापवायचा नीट, ठोकायचा बेतानं. घणाखाली घाई झाली की त्याची घडी पडते, आणि पुढच्या घावाला ती मिटून जाते. वरून काही दिसत नाही."

मग आमच्या मुलीचं बारसं आलं. बायका जमल्या, घुगऱ्या तयार झाल्या आणि पाळणा बांधायच्या वेळी मामंजींनी तुळईची कडीच उतरवून घासलेटात टाकली. तासभर सगळ्या खोळंबल्या. पूड पांढरीशुभ्र राहिली. त्यांनी पुन्हा पुसून पुन्हा लावली. तरी पांढरीच. अखेर पाळणा टांगला गेला, नाव ठेवलं गेलं, आणि बायकांच्या त्या गर्दीत मामंजी शेवटपर्यंत पाळण्याखाली हात धरून उभे राहिले. मला हसू आवरेना.

संध्याकाळी ओटीवर मी त्यांना त्यावरून चिडवलं. त्यांनी आत जाऊन फडकं आणलं आणि सोडून माझ्यासमोर ठेवलं.

"बघ, सूनबाई. विमानाच्या चाकाचा तुकडा."

तुटलेल्या बाजूला एका कडेने गुळगुळीत भाग होता. त्यावर बारीक कमानदार रेघा, ओहोटीला पुळणीवर राहतात तशा. पलीकडचं सगळं खडबडीत.

"ही नखाएवढी घडी दिसते? इथून भेग निघाली. विमान उतरलं की थोडी पुढे, पुन्हा उतरलं की आणखी पुढे. दीड वर्षं. मग उरलेलं एका दमात तुटलं. आत दोघं होते. एक वाचला."

"पण मामंजी, घडी घणाखाली पडली. तुमचा काय दोष?"

"चौकशीतही असंच म्हणाले. पण तोंड उघडं होतं तिचं, खडूवर दिसली असती. त्याला तासभर हवा होता, आणि माझी बोट सुटायची होती. मी नुसतं ठोकून पाहिलं. नाद स्वच्छ आला. शिक्का मारला."

"एवढी कसली घाई होती?"

त्यांनी तुकडा पुन्हा फडक्यात बांधला. "तुमच्या लग्नाची," ते म्हणाले.

मामंजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. यांना मी हे कधी सांगितलं नाही. लग्नाच्या आठवणी निघाल्या की हे कौतुकाने सांगतात, "बाबा बोटीतून उतरले ते धावतच मांडवात आले. अंतरपाट धरायला आणि त्यांना यायला एकच गाठ." मला तो खाली धरलेला हात आठवतो. हो, म्हणते मी, अगदी वेळेवर पोचले.