मी ठीक आहे, नुसता नंबर तपासतेय

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, तपासणीचे दिवस आले की दिवसातून वीस-पंचवीस वेळा परक्या माणसांना सांगतात, "मी ठीक आहे, नुसता नंबर तपासतेय." अकरा वर्षं ऐकतेय मी. माझे कान किटले. त्यांची जीभही थकली असणार, पण तसं कबूल करतील तर त्या वन्सं कसल्या.

जीव नकोसा झालेल्या माणसानं ज्या नंबरांवर फोन करायचा, त्या नंबरांची यादी त्या सांभाळतात. एका गावाची नाही, अख्ख्या खंडाची. दोनशे बारा नंबर. एक संस्था ती यादी छापते, दवाखान्यांत लावते, कॉम्प्युटरवर टाकते. दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर लावून बघायचा आणि वहीत चार गोष्टी लिहायच्या: रिंग किती झाल्या, उचलला कोणी, भाषा कोणती, वेळ किती लागला. वेळ बहुतेक एक मिनिट. लाइन अडवायची नाही, मागे खरा माणूस ताटकळत असतो, म्हणून पहिलं वाक्य ते.

मागच्या खोलीत आम्ही दोघी बसतो. खिडकीकडे माझं शिलाई मशीन, भिंतीकडे त्यांचा फोन. मी पँटी आखूड करते, चेन बदलते. फोन लागला की त्या हात वर करतात, मी मशीन थांबवायचं. एकेका पँटीला अर्धा दिवस जातो. एकदा मी म्हटलंही, "वन्सं, तुमच्यापायी गिऱ्हाईक उघड्या पायांनी फिरतंय." त्यांनी हात वर केला. फोन लागला होता.

हे काम त्यांनी का धरलं ते सांगते. त्यांचे यजमान गेले त्या वर्षी त्यांनी स्वतः कुठल्याशा पाटीवरचा असा एक नंबर लावला होता. तो लागला रंगाच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "कुठला शेड दाखवू?" वन्सं हे हसत सांगतात. मला हसू येत नाही. मी तेव्हा याच घरात, पलीकडच्या खोलीत होते आणि मला पत्ता नव्हता.

आता, काही देशांचे नंबर चार आकडी असतात, ते बाहेरून लागतच नाहीत. त्यासाठी वन्संनी तिथली माणसं जोडलीत. एक नर्स, एक न्हावी, एक शाळामास्तर. ती आपल्या घरून नंबर लावतात आणि वन्संना कळवतात. त्यांतले सगळ्यात चोख म्हणजे कंडक्टरसाहेब. चौतीस वर्षं बसवर काढून निवृत्त झालेले, आपलीच भाषा बोलणारे, तरुणपणी तिकडे गेले ते तिकडचेच झाले. तिथे आपल्या भाषेतली एकच लाइन होती, ती ते तपासायचे. ठरल्या दिवशी अकराच्या ठोक्याला त्यांचा फोन. "रिंग चार. बाई. भाषा आपली. वेळ एक मिनिट. येऊ का ताई?" संपलं.

या वेळी फोन आला पावणेबाराला. वन्संनी फोन स्पीकरवर टाकला होता, एका हातानं लिहायचं म्हणून.

"रिंग चार. बाई. भाषा आपली. वेळ चाळीस मिनिटं."

वन्संचं पेन थांबलं. "लाइन बिझी होती का?"

"नाही. उचलल्यानंतर चाळीस."

माझं मशीन बंदच होतं. वन्संनी फोन जवळ ओढला. मग सरळ विचारलं त्यांनी, आडवळण नाही की काही नाही, "कंडक्टरसाहेब, जीव नकोसा झालाय का?"

तिकडून उत्तर आलं, "ताई, आज नाही. बायको गेली त्याला फेब्रुवारीत वर्ष झालं. तुम्ही लिहा, नंबर चालू आहे."

"औषधांचा साठा, दोरी, असलं काही जवळ आहे?"

"गोळ्या होत्या. त्या बाईंनी आजच शेजारी द्यायला लावल्या."

वन्संनी वहीत चाळीस लिहिलं. मला म्हणाल्या, "मशीन चालू कर." मी केलं नाही.

आणि बघा, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, आठ दिवसांत कंडक्टरसाहेबांच्या त्या लाइनचं पत्र आलं. माणसं मिळत नाहीत, महिनाअखेर लाइन बंद. वन्संचं काम इतकंच, की यादीतून नाव खोडायचं. त्यांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "हे खोडलं तर त्यांनी कुठे जायचं?"

महिनाअखेरीला बावीस दिवस होते. वन्संनी त्यांच्यासाठी दुसरी लाइन शोधायला घेतली. दोनशे बारा नंबर तोंडपाठ असलेली बाई, एका माणसासाठी एक नंबर मिळेना. तिथल्या सरकारी लाइनवर तिथली भाषा. मी म्हटलं, चौतीस वर्षं तिथल्या बसवर काढलीत, येत असेल की. वन्सं म्हणाल्या, "तिकिटापुरती येते. रडण्यापुरती येत नाही."

मग एक लाइन निघाली पंचविशीच्या आतल्यांसाठी. एक फक्त बोटीवरच्या खलाशांसाठी. एक मंगळवार-गुरुवार, दोन ते चार. एकीवर नुसतं तीन दाबा, पाच दाबा, परत तीन दाबा. तातडीच्या सेवेत एका माणसानं विचारलं, "आत्ता ते गच्चीच्या कठड्यावर आहेत का?" वन्सं म्हणाल्या, "नाही, स्वयंपाकघरात आहेत." मग म्हणे डॉक्टरांची चिठ्ठी आणा, अकरा आठवडे थांबा. कठड्यावर चढल्याशिवाय यांचं दार उघडत नाही. वन्सं सगळं वहीत लिहीत होत्या. डोळे खोल गेले होते त्यांचे, ताटातलं अन्न तसंच राहायचं.

मी चिडले. "तुम्हीच का बोलत नाही त्यांच्याशी? ताई म्हणतात तुम्हाला."

"बोलते ना, एक दिवसाआड. पण ताई म्हणतात म्हणूनच मला खरं सांगत नाहीत. जेवलो, झोपलो, सगळं बरं. ओळखीच्या माणसापुढे माणूस इस्त्री करून बसतो गं."

पंधराव्या दिवशी त्यांच्या शेजारच्या देशात नवीच सुरू झालेली एक लाइन सापडली. भाषा आपली, नंबर साधा, बाहेरून लागणारा. पण तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, "आम्ही फक्त इथल्या लोकांसाठी. नियम आहे." त्यांना भयंकर सर्दी झालेली. वन्सं तीन दिवस विनवण्या करत होत्या, त्या तीन दिवस शिंकत नाही म्हणत होत्या. चौथ्या दिवशी मी मशीनवरून उठले आणि वन्संच्या हातातून फोन घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

"अहो बाई," मी म्हटलं, "तुमच्याकडे रडायला पासपोर्ट लागतो का? तिकडे एक विधुर माणूस चार दिवसांनी मुका होणार आहे. मी शिंपीण आहे, मला नियमातलं कळत नाही. पण कापड कमी पडलं तर आम्ही शिलाई उसवून आतलं सोडतो, गिऱ्हाईकाला उघडं नाही पाठवत."

त्यांनी नाक पुसलेलं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "आम्ही सहाजणी आहोत हो फक्त. ते कुठून बोलतात हे आम्ही विचारणार नाही. त्यांनीही सांगू नये. पण यादीत लिहू नका की बाहेरचेही चालतात. आम्ही बुडू."

अकरा वर्षांत वन्संनी यादीत एक अक्षर लपवलं नव्हतं. त्या दिवशी लपवलं.

आता कंडक्टरसाहेब फोन करणार कसे? स्वतःसाठी म्हटलं असतं तर मरेपर्यंत केला नसता. वन्संनी त्यांना सांगितलं, "नवीन नंबर आहे, भरवसा नाही. दर गुरुवारी तपासावा लागेल."

"दर आठवड्याला? बाकीचे तर तीन महिन्यांनी ना?"

"हा दर आठवड्याला."

सगळं कळलं असणार त्यांना. फुकट्या प्रवासी लांबून ओळखणारा माणूस. मग म्हणाले, "ड्यूटी म्हणता तर करतो."

पहिल्या गुरुवारी: "रिंग सहा. बाई, सर्दी झालेली. भाषा आपली. वेळ पंचावन्न मिनिटं." पुढच्या गुरुवारी पन्नास. मग साठ. मग पस्तीस, मग परत साठ. वन्सं लिहून घेत, जास्त विचारत नसत. दरम्यान त्या सर्दीवाल्या बाईंनी त्यांना कुणा डॉक्टरकडे जायला लावलं, हे त्यांनीच एकदा सांगून टाकलं.

एका गुरुवारी बारा वाजले, एक वाजला, फोन नाही. वन्संनी लावला तर उचलेनात. मी न सांगता मशीन थांबवलं. वन्सं त्यांच्या शेजाऱ्याचा नंबर शोधत होत्या, एकच पान पुन्हा पुन्हा उलटत होत्या. मला त्या रंगाच्या दुकानाची आठवण आली आणि मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. अडीचला फोन वाजला. "लाइन बिझी होती ताई, सहा वेळा लावला, आत्ता मिळाली. बॅटरी गेली. माफ करा." वन्सं म्हणाल्या, "काही नाही, लिहून घेते," आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या.

तो अठरावा गुरुवार असेल. अकराच्या ठोक्याला फोन.

"रिंग दोन. बाई. भाषा आपली. वेळ एक मिनिट."

वन्संनी पेन उचललं आणि तसंच धरलं. "एकच?"

"हो. म्हटलं, मी ठीक आहे, नुसता नंबर तपासतोय. त्या दिवशी एवढी बिझी होती, दुसऱ्या कुणाला तरी लागू दे."

वन्सं म्हणाल्या, "कंडक्टरसाहेब, खरं आहे ना हे? मी लिहू ना?"

"ताई, चौतीस वर्षांत खोटा आकडा लिहिला नाही मी. चाळीस होते तेव्हा चाळीसच सांगितले ना तुम्हाला?"

"हो," वन्सं म्हणाल्या. "सांगितले."

"मग लिहा. येऊ का? पुढच्या गुरुवारी आहेच."

वन्संनी एक लिहिलं. वही मिटली, त्यावर कपाळ टेकलं. मी पाठीवर हात ठेवला. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुझी ती निळी पँट आज द्यायचीय ना? मशीन चालू कर."

मी केलं.