पुढच्या जाळीतलं पाचट
कारखान्याचं गाळप सुरू झालं की माळेगावच्या रस्त्यावर मळीचा आंबूस वास सुटतो आणि मला माझ्या डिझेल गाडीची ती दुपार आठवते. शाळेसाठी रोज इंदापूरपर्यंत जाऊन येऊन मीटर दोन लाखांवर गेलं होतं, गाडी सारखी तापायची, आणि बारामतीतला एक गॅरेजवाला म्हणाला होता, इंजिन उघडावं लागेल, त्यापेक्षा विकून टाका. मी गिऱ्हाईकही ठरवलं. त्याला गाडी दाखवायला निघालो तर लासुर्ण्यातच तापमानाचा काटा वर चढला, म्हणून तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे वळलो. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. चालू इंजिनाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून त्यांनी त्याच्या मुठीला कान लावला, मग गाडी लिंबाखाली निवू दिली आणि पुढची जाळी काढली. आत रेडिएटरवर उसाच्या वाळक्या पाचटाचा आणि धुळीचा गोधडीएवढा थर बसला होता. "इंजिनाला काय बी झालं न्हाय, गुरुजी. उसाच्या ट्रॉल्यांमागनं फिरता न्हवं? बैल असता तर रोज खूर बघितला असता, हिचं तोंड कधी बघितलं का?" त्यांनी आतल्या बाजूनं हलक्या धारेनं पाणी सोडलं, रंगाच्या ब्रशनं सगळं झाडून काढलं आणि माझ्याकडून फक्त चहा घेतला. गिऱ्हाईकाला मी तिथूनच फोनवर नाही म्हणून सांगितलं. आज मीटर पाच लाखांपुढं आहे. तेल वेळेवर बदलतो आणि हंगामात दर रविवारी जाळी धुतो. परवा तेच गिऱ्हाईक दारात आलं, त्याची नवी गाडी तापते म्हणे. मी ब्रश आणायला उठलो.