लुगड्याखालचा घट्टा

आमच्या मुरुमकडच्या जुन्या बायकांच्या कमरेला काळा घट्टा असतोच. रानात काम करताना सुटू नये म्हणून लुगडं करकचून बांधायचं, तेही जन्मभर एकाच जागी. त्यामुळं माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, घट्ट्यावर जखम झाली तेव्हा कुणाला काय वाटणार? त्यांनी हळद लावली, मग बिब्बा लावला, वरून लुगडं पुन्हा आवळलं. मेली जखम भरेचना.

सोलापूरला तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला. मला रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही. मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा पंखा बघत बसले.

नवरा म्हणाला, "विजेच्या शेकावर भागवा की मॅडम, म्हातारीला कशाला चिरता?" त्या म्हणाल्या, आधी कापूनच काढायचं, भोवतीच्या थोड्या चांगल्या कातडीसकट. मांडीची कातडी काढून तिथं लावायची. कडेला काही राहिलं तर मग शेक, म्हणजे रेडिएशन. उशीर केला तर आत पसरेल, जिवावर बेतेल.

आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "लुगडं नेसता येईल न्हवं?"

"नाही आजी. कमरेला आता काहीच आवळायचं नाही. गाऊन घाला."

"मग राहू द्या," म्हणून त्या उठल्याच. गाऊन घालून दारात उभ्या राहणाऱ्या सुनांना "चालतं पोतं" म्हणणारी बाई ती! मलाही कितीदा म्हणाल्या होत्या.

घरी आल्यावर नवरा त्यांच्या पाया पडला, नणंद येऊन रडून गेली. त्या रोज लुगडं आवळतच राहिल्या. मी स्वयंपाक करायची, पट्टी बदलायची. वास यायचा, त्याचंही काही वाटत नव्हतं. आतून सगळं बधिर झालेलं. राग तेवढा यायचा. लुगड्यापायी जीव घालवतं का कुणी?

एका सकाळी त्यांनी हाक मारली. "जरा गाठ मार ग. माझ्यानं होईना."

मी लुगड्याची टोकं हातात घेतली आणि सोडून दिली. "मी न्हाय मारणार, आत्याबाई. तुमची तुम्ही मारा."

लई वेळ त्या लुगडं तसंच धरून उभ्या राहिल्या. मग खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "ने मग कुठं न्यायचं तिथं."

ऑपरेशन झालं. लावलेली कातडी धरली, कडा साफ निघाल्या, शेक लागला नाही. सगळे पेढे वाटायचं बोलत होते. मला मात्र अजून आनंद झालेला नाही. आत्याबाई माझाच गाऊन घालून आतल्या खोलीत असतात. दारात येत नाहीत. कुणी आलं की भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत वाकळ ओढतात.

परवा शेजारच्या मावशी बघायला आल्या. "वाचलीस बाई! आता लुगडं कवा नेसतीस?"

"मेल्यावर," आत्याबाई म्हणाल्या. "तवा नेसवा, चांगलं घट्ट. अन् गाठ हिलाच मारू द्या."

मावशी माझ्याकडं बघायला लागल्या. मी "व्हय" म्हणाले.