पेटीबोनबाईंचं दहावं मूल

आर्डिथ नायगार्ड दर उन्हाळ्यात टोपडं आणि पायघोळ झगा चढवून ऑरेगॉनच्या त्या खोऱ्यातलं पेटीबोनांचं घर लोकांना दाखवायची. एझरा पेटीबोन बैलगाडी हाकत आला, झाडं तोडून त्याने हे पहिलं घर उभं केलं, त्याच्या बायकोने, मेहिटबेलने, इथे नऊ मुलं वाढवली, हे ती घडाघडा सांगे. एझरा तिला मनातून मुळीच आवडत नसे. भिंतीवरच्या फोटोत तो चार दिवस पोट साफ न झाल्यासारखा बसला होता.

तिचा स्वतःचा जन्म ह्याच घरातला. पेटीबोन मंडळी शहरात गेल्यावर तिचे वडील इथे भाड्याने राहिले. पण घराचं संग्रहालय करणाऱ्या जतन समितीला भाडेकऱ्यांशी काय देणंघेणं? आईचे पडदे, मोरी, सगळं एझराच्या काळातलं नाही म्हणून उचकटून फेकलं. मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या जमिनीतल्या करपलेल्या फळीवर गेली. आर्डिथच्या धाकट्या भावाला, लेलंडला, नदीने ओढलं हे कळताच आई हातातली तापलेली इस्त्री तिथेच टाकून धावली होती. लेलंड सापडलाच नाही. थडगं नाही, फोटो नाही, होता तो एवढा डाग.

आर्डिथने ठोकून दिलं की डाग मेहिटबेलच्या इस्त्रीचा आहे. समिती गहिवरली, फळीवर काच बसली.

पेटीबोनांचे वंशज दर ऑगस्टमध्ये अंगणात जमून बटाट्याचं सॅलड हाणत. त्यांची म्होरकी लॉर्ना काचेवर वाकून हसली. "आमची खापरपणजी वेंधळीच म्हणायची."

आर्डिथचं डोकं फिरलं. "वेंधळी नव्हती ती. पोरगं बुडत होतं, म्हणून हातातलं टाकून पळाली."

"कुठलं पोरगं? नऊच्या नऊ म्हातारी होऊन मेली."

खरं बोलावं तर फळी जाणार. "दहावं," आर्डिथ म्हणाली. "लेलंड. सात वर्षांचा होता."

लॉर्ना काचेवरून सरळ झाली. मग हळूच म्हणाली, "आमची आजी झोपेत कुणाचं तरी नाव घ्यायची खरी."

पुढच्या ऑगस्टमध्ये जेवणाआधी रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि लॉर्नाने घराण्यातल्या मृतांची नावं वाचली. एलायझा, ओबेड, लेलंड. केक कापायची सुरी हातात धरून आर्डिथ रडली. मग डोळे पुसून तिने हॅमचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला. आता ती घरचीच होती.