एकटीनं आत जायचं नाही

“मग तुला कामाची सवय असेलच. ही कामगारांत.”

एवढंच बोलले शिबिराचे सर. माझ्याकडे नीट बघितलंही नाही. पिवळ्या बिल्ल्यांच्या ढिगातून एक उचलला आणि माझ्यापुढे धरला. सभागृहात हसू पसरलं. मोठ्यानं कुणी हसलं नाही. चांगल्या घरातली मुलं होती ती, तोंडावर हात ठेवून हसली.

मी तेव्हा नववीत होते, सातपूरच्या कामगार वस्तीत, महापालिकेच्या शाळेत. कुठल्याशा कंपनीच्या पैशातून गंगापूर रोडच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत नेतृत्व शिबिर भरलं होतं. दोन्ही शाळांची मुलं एकत्र शिकतील, असं आमच्या बाईंनी सांगितलं होतं. आईनं आदल्या दिवशी माझा गणवेश कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीतून कडक इस्त्री करून आणला. बसमध्ये मी बसले नाही, इस्त्री मोडेल म्हणून. सातपूरपासून उभीच. आज आठवलं की त्या इस्त्रीचाच राग येतो.

शिबिरात एक खोटी कंपनी काढायची होती. कागदी पिशव्या करायच्या आणि शेवटच्या दिवशी पालकांना विकायच्या. त्यासाठी आधी पदं वाटायची. वाटणार कशी, तर प्रत्येकानं उभं राहून आपली ओळख करून द्यायची. त्या शाळेची मुलं इंग्रजीत बोलली. कुणाच्या वडिलांचं हॉस्पिटल, कुणाची द्राक्षांची निर्यात, कुणाच्या बिल्डिंगी. त्यांना निळे बिल्ले. सीईओ, मार्केटिंग, फायनान्स, एचआर. मग माझी पाळी आली. मी मराठीत नाव सांगितलं.

“आडनाव?”

तेही सांगितलं.

“हं.”

या ‘हं’चा अर्थ आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरगंही सांगेल.

“वडील काय करतात?”

“कंपनीत आहेत.”

“कंपनीत म्हणजे? मॅनेजर?”

“नाही सर. पत्र्याच्या प्रेसवर.”

आणि मग ते वाक्य. ही कामगारांत. मी बिल्ला घेतला. वर ‘थँक यू सर’ म्हणाले. आमच्या शाळेच्या एकूण एक पोराला पिवळाच बिल्ला मिळाला. सगळ्यांनाच सवय होती म्हणे.

निळे बिल्ले एसीच्या खोलीत बसले. आम्ही हॉलच्या फरशीवर, खळ आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन. सीईओ झालेला अर्णव माझ्याच वयाचा. पोरगा वाईट नव्हता. पहिल्या दिवशी तो आमच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आला, तर सरांनी त्याला बाजूला घेतलं. “लीडरनं अंतर ठेवायचं असतं,” हे आम्हालाही ऐकू आलं. त्यानंतर तो आमच्याशी उभ्या उभ्या, मान ताठ ठेवून बोलायला लागला. नेतृत्व शिकवत होते ना तिथं. हुशार होता, पटकन शिकला.

माझ्या शेजारी शबनम बसायची. तिचे अब्बू सातपूरच्याच एका कारखान्यात कंत्राटावर होते. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं होतं, उद्यापासून येऊ नका म्हणून. ते घरी बसून होते आणि शबनम शाळेत कुणाशी फारशी बोलत नव्हती. पिशव्या मात्र मन लावून करायची. कागद संपला म्हणून ती एकदा एसीच्या खोलीत मागायला गेली. न विचारता आत गेली, हा तिचा गुन्हा.

दुपारी अर्णव आला. त्याच्या मागे सर. सरांनी सगळ्यांना हात थांबवायला सांगितलं.

“आता बघा. लीडरला कधीकधी कठीण निर्णय घ्यावे लागतात.”

अर्णवनं घसा साफ केला. “शबनम, सॉरी. तुला कामावरून काढतोय.”

सरांनी टाळी वाजवली. “गुड! न घाबरता बोललास.”

शबनमला वाटलं, थट्टा चाललीय. ती हसली. सर म्हणाले, “खेळ आहे हा. जा, बाहेर तुमच्या बसमध्ये जाऊन बस.” तेव्हा तिचं हसू गेलं. तिनं बिल्ला काढून फरशीवर ठेवला. उठताना माझ्या कानाशी आली.

“अब्बूला बी असंच बोलले ना गं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि तो नुसता सरांचा नव्हता. हातात बिल्ला घेऊन ‘थँक यू’ म्हणणाऱ्या माझ्या तोंडाचाही होता.

माझे बाबा युनियनचे. पुढारी वगैरे नाहीत, पण गेट मीटिंगला बोलायचे. पहिली पाळी सुटते आणि दुसरी आत शिरते, त्या वेळेला कामगार कंपनीच्या गेटबाहेर थांबतात, म्हणजे दोन्ही पाळ्यांना ऐकू जातं. मी आत्याबरोबर तिकडून जायचे तेव्हा बघायचे. बोलणारा दगडावर चढतो. ज्याला बोलायचंय त्याला बोलू देतात. आणि मीटिंग संपायच्या आधी एक गोष्ट दर वेळी सांगतात. साहेबानं बोलावलं तर एकट्यानं आत जायचं नाही. एकट्याला आत घेतात, खुर्ची देतात, चहा पाजतात, आणि बाहेर येतो तो दुसराच माणूस असतो. म्हणून जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही.

सरांनी आम्हाला कामगार केलं होतं ना? ठीक. कामगार काय करतात ते सातपूरच्या पोरांना शिकवावं लागत नाही.

मी खळीचा ब्रश खाली ठेवला आणि उठले.

“कुठं चालली गं?” आमच्या वर्गातला किरण.

“गेट मीटिंगला.”

तो हसला नाही. हाताची खळ चड्डीला पुसली आणि उठला. मग बाकीचे उठले. शाळेच्या गेटशी दगड नव्हता, वॉचमनकाकांचं स्टूल होतं. काका म्हणाले, “पडू नको.” मी वर चढले. शबनम बसच्या खिडकीतून बघत होती. भाषण वगैरे मला येत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, “शबनमला परत घ्या. आणि बिल्ले बदला. आज निळा ज्याला, उद्या पिवळा त्याला.”

सर धावत आले. मागे त्या शाळेची मुलं, अर्णवही. सरांनी आवाज मऊ केला.

“बेटा, तू एकटी आत ये. शांतपणे बोलू.”

“एकटी येणार नाही, सर.”

“अगं, खेळ आहे हा. असं मनाला लावून घ्यायचं नसतं.”

“खेळ आहे तर बदला ना बिल्ले.”

सर वैतागून म्हणाले, “आपल्या सिलॅबसमध्ये युनियन नाहीये!”

आम्हाला त्याच दुपारी परत पाठवलं. प्रमाणपत्र कुणालाच नाही. बसमध्ये बाई म्हणाल्या, “शाळेचं नाव घालवलंस.” मी रडले. पण या वेळी बसून रडले. गणवेश चुरगळला तर चुरगळला.

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पाठ थोपटली नाही. विचारलं, “मागण्या काय होत्या?”

सांगितल्या.

“मिळालं काय?”

“काहीच नाही.”

“मग संपलं नाय अजून,” म्हणाले आणि जेवायला बसले.

आता मीच हा विषय शिकवते. सातपूरच्याच एका हायस्कुलात, एका संस्थेकडून, नववी-दहावीला. व्यवसाय, नेतृत्व, व्यवस्थापन. आणि मनापासून शिकवते. धंदा आमच्या पोरांना कळलाच पाहिजे. भाव कसा काढायचा, काम कसं वाटायचं, चुकलं तर पुढे होऊन कुणी सांगायचं, हे फक्त गंगापूर रोडला का कळावं? माझ्या वर्गातही खोटी कंपनी आहे. आडनाव मी कुणाला विचारत नाही. बिल्ले दर आठवड्याला फिरतात. या आठवड्यात ज्यानं हुकूम सोडले तो पुढच्या आठवड्यात खळ लावतो, त्यामुळे हुकूम आपोआप नरम होतात. आणि गेट मीटिंगचा एक पाठ आहे. त्यात साहेब झालेल्यानंही बाहेर येऊन, उभं राहून ऐकायचं असतं. मला विचाराल तर सगळ्या अभ्यासक्रमात नेतृत्वाचा खरा पाठ तोच.

गेल्या आठवड्यात पैसे देणाऱ्या कंपनीचे पाहुणे वर्ग बघायला आले. नेमकी मीटिंग चालू. दहावीची एक पोरगी बाकावर चढून आपल्या ‘मॅनेजर’ला विचारत होती, आम्हाला न विचारता ठरवलंस कसं? मॅनेजर झालेलं पोरगं घामाघूम झालं होतं, पण पळालं नव्हतं. मला त्या दोघांचाही अभिमान वाटला. पाहुण्यांनी मला विचारलं, “ही मुलं लीडर होणार की संप करणार?”

“दोन्ही शिकवते,” म्हणाले.

काल संस्थेच्या साहेबांचा फोन आला. “मॅडम, बाकी सगळं छान आहे. तो गेटचा पाठ तेवढा काढा. सोमवारी ऑफिसला या, चहा घेऊ, बोलू. एकट्याच या.”

इतक्या वर्षांनी तेच. आवाजही तसाच मऊ.

माझं काम कंत्राटी आहे. संस्थेनं ठरवलं तर मंगळवारपासून मी घरी. बाबा आता रिटायर झालेत, घर माझ्या पगारावर चालतं. भीती वाटते. खोटं कशाला बोलू? रात्रभर डोळा लागला नाही.

पण सकाळी मी फोन करायला घेतले. संस्थेकडून देवळाली कॅम्पला शिकवणारी, सिडकोत शिकवणारा, पंचवटीतली ती नवी मुलगी. सगळ्यांचं काम माझ्यासारखंच कच्चं. आज माझा पाठ काढतील, उद्या त्यांचा. पंचवटीची मुलगी घाबरली होती. “ताई, मला काढलं तर?” मी तिला सांगितलं, “म्हणूनच तूही चल.” मग म्हणाली, “किती वाजता?”

सोमवारी आम्ही सगळे जाणार आहोत. ऑफिसात खुर्च्या पुरणार नाहीत, उभे राहू. चहा नको. पाठ मी काढणार नाही. मला काढलं तर शाळेच्या गेटबाहेर उभी राहून शिकवीन. पण त्या दारातून एकटी आत जाणार नाही.