चिमीचा खालचा ओठ

चिमी भोईर गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनाबाहेरच्या उघड्या उन्हात ती भाजी विकते. सासूची जागा मिळाली तेव्हापासून. बदलापूरच्या पलीकडच्या गावाहून टेंपोने येते आणि टोपली उतरवायच्या आधीच ओरडायला लागते. एका जागी बसणं तिला जमत नाही. मेथी देता देता शेजारणीचा तराजू तपासेल, रिक्षावाल्याला शिव्या घालेल, मध्येच उठून कोपऱ्यावर काय चाललंय ते बघून येईल. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, म्हणून मला 'मास्तरीन' म्हणते आणि गवत घुसडलेली पालकाची जुडी नेमकी मलाच देते.

तिच्या खालच्या ओठावर पांढरट, खरखरीत चट्टा आला. ती त्यावर तूप लावायची आणि वरून मिश्री घासायची.

"उनाचा हाय," म्हणाली. "उनाला काय औषद?"

"उन्हाचा आहे म्हणूनच दाखव. असे चट्टे पुढे कॅन्सरवर जातात."

पण हितेशने, तिच्या पुतण्याने, सांगून ठेवलं होतं की डॉक्टर अख्खा ओठ कापतात. "मंग मी वरडू कशी? मुक्या भाजीवालीकरं कोन येतंय?" ही भीती काही मूर्खपणाची नव्हती. तरी मी तिला नेली.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर डॉ. वृंदांचा दवाखाना आहे. त्यांच्याकडे नवं यंत्र आलं होतं. सुई नाही, सुरी नाही. ओठाला काचेचं टोक टेकवायचं, आत उजेड सोडायचा, की कातडीखाली वाहणारं रक्त पडद्यावर उमटतं. यंत्राला हलतं तेवढंच दिसतं, त्यामुळे माणसाने हलायचं नाही. "काही वाढत असलं, तर तिथे रक्तवाहिन्यांचा गुंता दिसेल," डॉक्टर म्हणाल्या.

पहिलं चित्र बिघडलं, कारण चिमी बोलत होती. दुसरंही त्याच कारणाने.

"चिमे, तोंड मीट," मी ओरडले.

तिने मिटलं. दातओठ एक करून, सगळा जोर लावून काचेवर दाबलं. पडदा काळा पडला. डॉक्टर वाकून बटणं बघत होत्या, तेवढ्यात ही उठली. "गुंता नाय. झाला," म्हणत जिना उतरलीसुद्धा. इतकं दाबल्यावर ओठातलं रक्तच बाजूला सरतं, मग दिसणार काय, हे डॉक्टर मला सांगेपर्यंत ती शेअर रिक्षात बसून निघूनही गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाजारभर बातमी, मशीनने चिमीला पास केलं. कोथिंबीर फुकट वाटत होती. मला तिला खोटं पाडावं लागलं, तेही शेजारी भाजी विकणाऱ्या बनूबाईसमोर.

"मास्तरीन, तुना माजा बरा बघवत नाय," म्हणाली आणि मला भाजी द्यायची बंद झाली. मी रोज तिच्यासमोरून जायचे आणि ओठाकडे बघायचे. ती तोंड फिरवायची. चट्टा चिरला, रक्त यायला लागलं, तेव्हा स्वतःच माझ्या दारात उभी राहिली. "चल."

या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर काढलं; मी असले की ती भांडल्याशिवाय राहत नव्हती. ओठ सैल सोडायला लावला. दारातून मला पडदा दिसत होता. सगळीकडे बारीक रेषा, वाफ्यातल्या रोपांसारख्या, आणि एका कोपऱ्यात नुसता घोळ, कुंपणावर वेल माजावा तसा.

चिमी बराच वेळ बघत राहिली. "येवराच माजलाय?"

"एवढाच. तिथून तांदळाएवढा तुकडा काढून तपासायचा. बाकी ओठाला हात लावायचा नाही."

"मंग आताच खुडा. घरी गेली तं मी परत येनार नाय."

रिपोर्ट येईपर्यंत रोज फोन करून तिने माझा जीव खाल्ला. कॅन्सर नव्हता, पण फार लांबही नव्हता. मलम लावायचं, मिश्री बंद, उन्हात बसायचं नाही आणि पुन्हा पुन्हा दाखवायचं.

छत्रीला ती नाही म्हणाली. छत्रीखाली टोमॅटो मेलेले दिसतात. आता बँकेच्या भिंतीची सावली सरकते तशी तीही टोपली घेऊन सकाळभर सरकते. काल सावली बनूबाईच्या जागेवर पोचली आणि दोघींची जुंपली.

"डाक्टरनी सांगलाय," ओठाला मलम थापून चिमी ओरडत होती. "सावली माजी हाय. तू सरक."