खिडकीत बसून जेवणारे काका

दूध वर यायच्या बेतात होतं, आमचे हे एक मोजा हातात घेऊन दुसऱ्याच्या शोधात घरभर फिरत होते आणि लेक आरशासमोर वेणीशी भांडत होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना दार वाजवणारा आमच्या इमारतीत एकच माणूस, वरच्या मजल्यावरचे घड्याळकाका. बेल बिघडते, हात बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"वहिनी, कामात आहात का?"

"कामात नसते कधी? या, बसा."

बसले, पण खुर्चीच्या अगदी कडेवर.

"काय काका, काल काय बेत होता?" ह्यांनी मोजा हलवत विचारलं. "मासा होता म्हणे! आमच्या नशिबी आपली रोजची भाजी."

एरवी काका यावर हसतात. आज हसले नाहीत. "तिनं बॅग भरलीय," एवढंच म्हणाले.

ती म्हणजे काकू. आणि बॅग का भरली, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. इतकं चिंचोळं, की गिऱ्हाइकाला आत घ्यायचं तर काकांनी बाहेर यावं. मिळकत बेताची, पण नवराबायकोला बाहेर जेवायची भारी हौस, आणि ती त्यांनी डोकं लढवून भागवली. बड्या हॉटेलात जायचं ते दुपारी. स्वयंपाकी तोच, भांडी तीच, पण दुपारचा दर झेपणारा. पदार्थ एक मागवायचा, ताटल्या दोन. गोड तिथं घ्यायचं नाही, चालत पलीकडच्या बेकरीत जाऊन घ्यायचं, म्हणजे पोटात जागाही होते. स्वयंपाक शिकवणाऱ्या कॉलेजात परीक्षेच्या दिवसांत मुलांनी रांधलेलं जवळजवळ फुकट खायला मिळतं, हा शोध काकूंचा. तिथं एकदा एका मुलाच्या सुपाला "मीठ कमी आहे रे," म्हणाल्या, आणि मग तो नापास तर झाला नसेल ना, म्हणून कितीतरी दिवस हळहळत होत्या. जेवताना दोघांची टकळी अखंड चालू. शेजारच्या टेबलावरच्यांनी काय मागवलं, त्यात त्यांचं कुठं चुकलं, सगळं.

पुढं घड्याळं बिघडली तरी कुणी दुरुस्त करून घेईना. दुकान बंद झालं. त्याच सुमारास कोपऱ्यावर नवं हॉटेल निघालं. भली मोठी काचेची खिडकी, समोर बसस्टॉप. ही दोघं एका दुपारी तिथं गेली आणि खिडकीशी बसली. काकांचं जेवणं बघण्यासारखं असतं. बंद पडलेलं घड्याळ हातात पुन्हा चालू झालं की जसे बघायचे, तसे ते प्रत्येक घासाकडे बघतात आणि मग तो तोंडात घालतात. बसस्टॉपवरची माणसं काचेतून टक लावून बघत राहिली आणि एकेक करून आत शिरली. मालकानं हे बरोबर हेरलं.

"काका, रोज संध्याकाळी याच. याच टेबलावर बसा, सावकाश जेवा. बिल नाही. फक्त..." काकूंकडे बघून त्यानं डोकं खाजवलं, "एकटे या. समोरची खुर्ची रिकामी दिसली की बाहेरच्याला वाटतं, आपल्याला जागा आहे. काकूंना डबा देतो की बांधून."

दोघांना लॉटरी लागल्यासारखं झालं. काकूंनी तर घरातली शेगडीच भाचीला देऊन टाकली. "रांधणं नाही, भांडी नाहीत. राणीसारखी राहणार आता मी," मला म्हणाल्या. इथंच दोघं अडकली.

कारण खिडकीचे नियम एकेक करत वाढत गेले. पेपर वाचायचा नाही. चष्मा लावायचा नाही. ओळखीचं कुणी दिसलं तरी हात करायचा नाही. ताट लवकर संपवायचं नाही, संपलंच तर रिकाम्या बाउलमध्ये चमचा फिरवत राहायचं. तोंड जरा उतरलं की मालक गल्ल्यावर अंगठी आपटतो आणि लांबून म्हणतो, "काका, चेहरा!" ताटात येतं तेही बाहेरून छान दिसणारं, उंच रचलेलं, वाफा निघणारं. काकांना काय खावंसं वाटतंय, हे कोण विचारतो?

परवा मी लेकीला क्लासवरून आणत होते, तेव्हा तिनं काचेवर बोटं वाजवली. काकांनी आमच्याकडे बघितलं, आणि बघत बघत घास चावत राहिले. "आई, काचेच्या पेटीतल्या माशासारखे दिसतात गं," ती म्हणाली. मी तिला दटावलं खरं, पण घरी येईपर्यंत डोळ्यांपुढून ते हलेना.

तर आज हे काका माझ्या स्वयंपाकघरात. मी चहा पुढं ठेवला.

"काल फ्रीजमध्ये लिंबू शोधत होतो," ते म्हणाले. "मागं डबे रचलेले. एकालाही हात लावलेला नाही. म्हटलं, अगं, मग तू जेवतेस काय? तर म्हणाली, बिस्किटं. दुधात बुडवून."

"अगं बाई!"

"म्हटलं, चव आवडत नाही का? तर म्हणते, चांगली असेलही, भिंतीकडे बघून जेवताना कळत नाही. तुमच्यासमोर रिकामी खुर्ची, माझ्यासमोर भिंत. त्यापेक्षा भाचीकडे चार माणसांत तरी बसेन." काकांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "रविवारी भाचजावई न्यायला येतोय. थोडे दिवस, असं म्हणते. पण थंडीचे कपडेसुद्धा भरलेत तिनं."

"जाऊ नको म्हणा की," हे म्हणाले.

"कुठल्या तोंडानं? संध्याकाळी मीच घरात नसतो."

"मग सोडा ते हॉटेल!"

"आणि दोघांनी मिळून बिस्किटं खायची?"

ह्यांनी हातातला मोजा उगाच उलटा केला.

"मालकाकडे एका संध्याकाळची सुटी मागितली," काका पुढं म्हणाले. "म्हणाला, घ्या की. पण खिडकी रिकामी राहिली तर दुसऱ्या दिवसापासून दुसरा माणूस बसवीन. बसस्टॉपवर टपलेलेच आहेत दोघं-तिघं. तुमच्या जागी नीट जेवणारं कुणीतरी द्या म्हणाला. एकच माणूस. समोरची खुर्ची रिकामीच राहिली पाहिजे."

"मी आहे ना!" ह्यांचा मोज्याचा हात लगेच वर.

"तुम्ही नको. वाढणारा पंगतीच्या टोकाला पोचायच्या आत ताट साफ करता. गच्चीवरच्या जेवणात बघितलंय मी."

लेक खुदकन हसली. काका नाही हसले. ते माझ्याकडे वळले.

"वहिनी, उद्या संध्याकाळी माझ्या जागी खिडकीत तुम्ही बसाल का? मला तिच्यासमोर बसून जेवायचंय."